‘काय झालं रे तुझ्या हॉकीचं?’

या आठवड्यात एकच पत्र घेतेय. बाकीच्यांनी रागवू नका, तुमची पत्रं जपून ठेवलीयत, पण हे एक वाचलं आणि दोन दिवस डोक्यातनं जाईना. रात्री पावणेतीनला पाठवलंय, मोबाईलवर टाइप केलेलं, पूर्णविराम जवळजवळ नाहीतच. नाव छापू नका म्हणालाय. थोडं गाळून देतेय:

“ताई, माझं वय 27. अक्कलकोट रोड एमआयडीसीत टॉवेलच्या कारखान्यात रात्रपाळीला असतो. मी सेंटर हाफ खेळायचो, मैदानाच्या मधल्या जागेवर. सब-ज्युनियर, ज्युनियर दोन्हीला महाराष्ट्राकडनं नॅशनल खेळलोय. पेपरात फोटो आला होता, ‘सोलापूरचा उगवता तारा’ असं लिहिलं होतं. 19व्या वर्षी ज्युनियर इंडियाच्या कॅम्पच्या यादीत नाव आलं आणि जायच्या 12 दिवस आधी प्रॅक्टिस मॅचमध्ये गुडघा गेला. एसीएल, म्हणजे गुडघ्याच्या आतली दोरी तुटली. वडलांनी पतपेढीचं कर्ज काढून पुण्यात ऑपरेशन केलं. डॉक्टर म्हणाले नऊ महिने तरी खेळायचं नाही. मी साडेचार महिन्यांत एका गावच्या टुर्नामेंटला उतरलो, पैसे मिळणार होते म्हणून, आणि तोच गुडघा परत गेला. हे मी घरात कुणाला सांगितलेलं नाही, जिन्यावरनं घसरलो म्हणालो. त्यानंतर दोन वर्षं ट्रायल्स दिल्या, कुणी घेतलं नाही. आता आठ वर्षं होत आली, तरी चहाच्या गाड्यावर कुणी ना कुणी विचारतंच, काय झालं रे तुझ्या हॉकीचं. वडील त्या कात्रणाची फ्रेम पाहुण्यांना दाखवतात, मला ती फोडावीशी वाटते. रात्री माग चालू असताना मी मोबाईलवर अमेरिकेच्या आइस हॉकीचे व्हिडिओ बघतो, ड्राफ्टमध्ये, म्हणजे टीम नवीन पोरं नंबरानं निवडतात त्यात, पहिले आलेले आणि फुकट गेलेले प्लेयर, त्यांना तिकडं बस्ट म्हणतात. एकामागून एक बघत राहतो. बरं वाटतं का वाईट, ते पण कळत नाही. आता माझा भाचा 11 वर्षांचा आहे, त्याला हॉकीचं वेड लागलंय, मामा स्टिक दे म्हणून मागं लागलाय. बहीण म्हणते तूच समजाव त्याला, तुझं काय झालं ते सांग म्हणजे नाद सोडेल. ताई, काय सांगू मी त्याला? आणि ती स्टिक विकून टाकू का?”

बाळा, आधी त्या व्हिडिओंचंच बोलू, कारण मला वाटतं तुझं सगळं दुखणं त्यातच आहे.

मला आइस हॉकीतलं फार कळत नाही, ती बर्फावरची आणि आपली मैदानावरची, नाव सोडलं तर खेळ वेगळाच. पण तुझ्या पत्रानंतर मी पण बसून बघितलं, वाचलं. तुझ्या त्या यादीत अलेक्झांडर डेग नावाचा मुलगा असणारच, सगळ्यांच्या यादीत असतो. 1993 च्या ड्राफ्टमध्ये पहिला, ओटावाच्या टीमनं घेतला, पाच वर्षांचे सव्वाबारा मिलियन डॉलर, एकही मॅच खेळायच्या आधी! त्याच्यानंतर दुसऱ्या नंबरला घेतलेला ख्रिस प्राँगर पुढं हॉल ऑफ फेममध्ये गेला आणि डेगचं नाव कायमचं बस्ट. इतक्या पोरवयात इतका पैसा दिला म्हणून एवढा गाजावाजा झाला की दोनच वर्षांत एनएचएलनं, म्हणजे तिकडच्या लीगनं, नव्या पोरांच्या पगारावर मर्यादा घातली. व्हिडिओ इथंच संपतात. आता व्हिडिओवाले जे घाईत उरकतात ते बघ. हा बस्ट पोरगा एनएचएलमध्ये 616 मॅच खेळला. मधे पंचविशीत त्यानं खेळ सोडून दिला होता, मग परत आला, आणि 2003-04 च्या सीझनला मिनेसोटाकडनं खेळताना 51 पॉइंट केले, म्हणजे गोल आणि गोलसाठी दिलेले पास मिळून, अख्ख्या टीममध्ये सगळ्यात जास्त. नंतर स्वित्झर्लंडला जाऊन आणखी काही वर्षं खेळला. जगातल्या सगळ्यात मोठ्या लीगमध्ये 616 मॅच, आणि आपण इथं सोलापुरात रात्री तीनला मागाच्या खडखडाटात बसून त्याला फुकट गेला म्हणतोय. पटतं का तुला हे?

दुसरा पात्रिक स्टेफान, 1999 चा पहिला, अटलांटाचा. त्याची ती मोकळ्या गोलची क्लिप तू शंभरदा बघितली असशील, 2007 ची, समोर गोलकीपर नाही, नुसतं ढकलायचं होतं आणि त्याचं चुकलं, आणि लगेच समोरच्या टीमनं बरोबरीचा गोल केला. सगळं जग त्या काही सेकंदांवर हसतंय. पण तो खुब्याच्या जुन्या दुखण्यानं खेळ सोडून बसला हे त्या क्लिपमध्ये कुठं दिसतं? आणि त्याच 1999 च्या ड्राफ्टमध्ये 210व्या नंबरला स्वीडनचा एक पोरगा घेतला होता, हेन्रिक झेटरबर्ग. 210वा! त्याच्या आधी 209 पोरं जास्त चांगली वाटली होती, त्या लोकांना ज्यांचा हाच धंदा आहे, जे वर्षभर गावोगाव फिरून पोरं बघतात. तो पुढं डेट्रॉइटचा कॅप्टन झाला, 2008 ला चॅम्पियन टीमचा सगळ्यात भारी खेळाडू ठरला.

म्हणजे अंदाज दोन्हीकडनं चुकतो. 18 वर्षांच्या पोराकडं बघून मोठी माणसं एक अंदाज बांधतात, तो चुकला की नाव मात्र पोराचं खराब होतं. तुझ्याबाबत पण हेच झालंय. ‘उगवता तारा’ हे तू म्हणाला होतास का? कुणीतरी पेपरवाल्यानं रात्री साडेनऊला पान लावता लावता ते हेडिंग टाकलं असेल. त्या हेडिंगचं कर्ज तू आठ वर्षं फेडत बसलायस. वडलांनी पतपेढीचं काढलं ते कर्ज खरं होतं, हे दुसरं कुणी कधी तुला दिलंच नव्हतं.

आता आपल्या हॉकीकडं येऊ, कारण तुला वाटतंय तसा तू एकटा नाहीस, आणि हे मी बरं वाटावं म्हणून सांगत नाहीये.

डिसेंबर 2016, लखनौ, आपण ज्युनियर वर्ल्ड कप जिंकला, फायनलला बेल्जियमला 2-1 हरवून. तू तेव्हा 18चा असशील, बघितलीच असशील मॅच, त्या रात्री तर झोप पण लागली नसेल तुला. त्या टीममधले हरमनप्रीत, मनदीप, सुमित, नीलकांत, गुरजंत, सिमरनजीत, वरुण कुमार असे सात जण पुढं टोकियोला गेले आणि 41 वर्षांनी ऑलिम्पिकचं मेडल आलं. सात म्हणजे भरपूर झाले, अशी बॅच रोज निघत नाही. पण टीम 18 जणांची असते. उरलेल्या अकरांत कोण होतं माहितीय? त्या टीमचा कॅप्टन. हरजीत सिंग, ट्रक ड्रायव्हरचा मुलगा, हातात वर्ल्ड कप घेतलेला फोटो सगळीकडं छापून आलेला. सीनियर टीममध्ये त्याचा जम बसला नाही, ऑलिम्पिक त्याच्या वाट्याला आलं नाही. वर्ल्ड कप जिंकलेल्या कॅप्टनचं असं होतं तर मग सोलापूरच्या सेंटर हाफला लोकांनी चहाच्या गाड्यावर कशाचा जाब विचारायचा?

आणि गुडघ्याचं म्हणशील तर राजीव मिश्राचं नाव तू ऐकलंयस का? तुझ्या जन्माच्या सुमाराची गोष्ट. 1997 चा ज्युनियर वर्ल्ड कप, इंग्लंडात मिल्टन कीन्सला, आपण फायनलपर्यंत गेलो, ऑस्ट्रेलियानं हरवलं. त्या टीमचा फॉरवर्ड. आमच्या शाळेच्या स्टाफरूममध्ये आम्ही दोघं-तिघं हॉकीवेडे त्याच्यावरच बोलायचो, हा धनराज पिल्लेच्या बाजूला उभा राहिला की काय होईल म्हणून. मग गुडघा गेला आणि परत तो तसा आलाच नाही. रेल्वेत तिकीट तपासायची नोकरी केली. 2023 ला गेला बिचारा, पन्नाशी पण नव्हती झाली. तो गेल्यावर पेपरात बातम्या आल्या, केवढा मोठा खेळाडू होता वगैरे. मला तेव्हा फार वाईट वाटलं, की हे सगळं त्याला जिवंतपणी कुणी घरी जाऊन सांगितलं असतं तर.

तुझ्या वेळेचं आणखी एक बघ. हॉकी इंडिया लीग 2013 ला सुरू झाली, 2017 नंतर बंद पडली, परत चालू झाली ती थेट 2024 च्या डिसेंबरात. तू 19चा होतास तेव्हा बंद, तू 26चा झालास तेव्हा चालू. इंडियात नाही आला तरी लीगमध्ये चार पैसे मिळवून खेळत राहणं हा जो मधला रस्ता असतो, तो नेमका तुझ्या वयाच्या पोरांना मिळालाच नाही. क्रिकेटमध्ये रणजी आहे, आयपीएल आहे, क्लब आहेत, कुठंतरी पोरगा तग धरतो. हॉकीत इंडिया नाहीतर रेल्वे, पोलीस, आर्मी, तेल कंपन्या, बँका, आणि तिथं पण जागा मोजक्या.

मी शाळेत पीटी शिकवायला लागले तेव्हापासनं रिटायर होईपर्यंत आमची पोरं मुरमावरच खेळली. तुला ते सांगायला नको, तुझ्या दोन्ही गुडघ्यांवर खुणा असतीलच. मुरमावर बॉल उडतो, कुठं खडा लागून वळेल नेम नाही, म्हणून आपली पोरं मान खाली घालून बॉलकडं बघत खेळतात, स्टिकवर बॉल आला की आधी त्याला शांत करतात आणि मग बघतात पास कुणाला द्यायचा. टर्फवर, म्हणजे कृत्रिम गवतावर, बॉल सरळ येतो आणि वेगात येतो, तिथं बॉल थांबवतानाच तो पुढं न्यायचा असतो, मान वर पाहिजे. एवढाच फरक आहे, पण तो हातात मुरायला वर्षं लागतात. ओडिशात सुंदरगडचं पोरगं लहानपणापासनं टर्फवर असतं आणि आपलं पोरगं 15व्या-16व्या वर्षी पुण्याला पिंपरीला किंवा बालेवाडीला ट्रायलला जातं तेव्हा पहिल्यांदा त्याचे बूट ओल्या टर्फवर लागतात. मी बघितलंय ना ते. एकदा पोरांना घेऊन गेले होते, हुतात्मा एक्स्प्रेसनं, आमचा सगळ्यात हुशार पोरगा ट्रायलच्या पहिल्या पाच मिनिटांत तीन बॉल स्टिकखालनं सोडून बसला. बाहेर आला आणि टर्फवर हात फिरवून बघितला, बोटं ओली झाली ती हाफपँटला पुसली आणि मला म्हणाला, मॅडम, हे कापड आहे का ओ? माग चालवणाऱ्याचा मुलगा होता. त्याला कापडच आठवणार.

हाच पोरगा आठवीत असताना आमच्या सगळ्या टीमपेक्षा वीतभर उंच होता, मिसरूड फुटलेलं, जानेवारीतला जन्म. कुणी अंगावर यायची हिंमत करायचं नाही. आम्ही सगळे म्हणायचो हा पुढं जाणार. बारावीपर्यंत बाकीच्यांनी त्याला उंचीत गाठलं आणि मग कळलं की आम्ही जे खेळ म्हणून बघत होतो त्यात अर्धी उंचीच होती. तो कमी पडला नव्हता रे, आम्हीच चुकीचं मोजलं होतं. कॅनडातल्या ज्युनियर आइस हॉकीवर 1985 च्या आसपास तिकडच्या मानसशास्त्रज्ञांनी हेच दाखवलं होतं, की निवडलेल्या पोरांत जानेवारी-फेब्रुवारी-मार्चला जन्मलेली फार जास्त आणि वर्षाच्या शेवटी जन्मलेली अगदी कमी, कारण वयोगटाची तारीख एक जानेवारी असते आणि त्या वयात दहा महिन्यांचा फरक म्हणजे केवढा फरक. माझ्या हातनं पण डिसेंबरची कितीतरी पोरं बाकावरच राहिली असणार. ते माझ्या मनाला लागून आहे.

आता कडू बोलते. रागवू नकोस.

साडेचार महिन्यांत मैदानात उतरलास ती चूक होती आणि ती तुझी होती. डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलेलं होतं. एसीएलचं ऑपरेशन म्हणजे नवीन दोरी बांधलेली असते, दुखायची थांबली म्हणून ती पक्की झाली असं नसतं, नऊ महिने उगीच सांगत नाहीत. पत्रात तू सगळ्यात कमी शब्द या गोष्टीवर खर्च केलेत, म्हणून मला वाटतं सगळ्यात जास्त हेच बोचतंय. पेपरवाला, सिलेक्टर, चहावाला, अमेरिकेतले बस्ट या सगळ्यांच्या मागं तू हे एक वाक्य लपवून ठेवलंयस.

पण मग ती चूक आहे तेवढीच बघ. 19-20 वर्षांचं पोरगं, घरात पतपेढीचा हप्ता, बाप मागावर ओव्हरटाइम करतोय, आणि कुणीतरी म्हणतं एक मॅच खेळ, एवढे एवढे देतो. तुला तो पैसा कशासाठी पाहिजे होता हे तू लिहिलं नाहीस पण मला कळलं. त्या वयात कुणी जवळ बसून तुला समजावून सांगायला पाहिजे होतं, फिजिओ पाहिजे होता, आठवड्यातनं तीनदा व्यायाम करून घेणारं माणूस पाहिजे होतं, आणि तुझ्याजवळ काय होतं तर डॉक्टरनं दिलेला एक कागद. त्यामुळं चूक तुझी, पण शिक्षा आठ वर्षांची नाही होत त्याची. बास झाली.

वडलांना सांग. जिन्यावरनं पडलो नव्हतो, टुर्नामेंटला गेलो होतो, असं सरळ सांग. रविवारी दुपारी जेवणं झाली की बस त्यांच्याजवळ. चिडतील, कदाचित दोन दिवस बोलणार नाहीत, किंवा काय सांगावं, त्यांना आधीच माहिती असेल. गावातल्या टुर्नामेंटची बातमी सोलापुरात आठ वर्षं लपून राहते असं तुला वाटतंय का? आणि ती फ्रेम फोडायची नाही. तुला वाटतं ते पाहुण्यांना दाखवून तुला खिजवतात. अरे, आयुष्यभर ज्या माणसाचं नाव कुठंच छापून आलं नाही, त्याच्या पोराचा फोटो आला, त्याच्या लेखी ती गोष्ट घडून गेलेली आहे आणि ती कुणी काढून घेऊ शकत नाही. पुढं काय झालं याच्याशी त्यांच्या फ्रेमचा संबंध नाही. तुला ती भिंतीवर बघवत नसेल तर तसं सांग, म्हणाव बाबा, तुमच्या खोलीत लावू. ते ऐकतील.

आता भाचा. बहिणीला मी ओळखत नाही पण तिची भीती समजते, तिनं भावाला कुबड्यांवर बघितलंय. तरीपण ‘तुझं काय झालं ते सांग म्हणजे नाद सोडेल’ हे काम तू अजिबात घ्यायचं नाहीस. 11 वर्षांच्या पोराला तू स्वतःला बुजगावण्यासारखं दाखवायचं, की बघ माझ्यासारखा होशील, हे मला मान्य नाही. त्याला खेळू दे. बहिणीशी मात्र तू बस आणि चार गोष्टी ठरवून घे, त्या तूच ठरवू शकतोस कारण घरात तुझ्याइतकं हे कुणाला कळत नाही. दहावी-बारावीला अभ्यासात सूट नाही. वयाचा दाखला खरा, कुणी कितीही म्हणू दे की दोन वर्षं कमी लावा सब-ज्युनियरला चालेल. दुखलं तर लपवायचं नाही आणि डॉक्टर म्हणेल तेवढे दिवस घरी बसायचं, त्या दिवसांत मामा रोज त्याचा व्यायाम घेणार. आणि जमेल तितक्या लवकर, सुट्टीत का होईना, त्याला पुण्याला नेऊन टर्फवर उभं करायचं. पुढं खरंच चमक दिसली तर क्रीडा प्रबोधिनीची चाचणी असते, राहणं खाणं शिक्षण तिथंच, त्याची चौकशी जिल्हा क्रीडा अधिकाऱ्यांच्या ऑफिसात कर. नाही दिसली तर खेळेल संध्याकाळी दोन तास, पळेल, पडेल, मोबाईलपासनं लांब राहील, त्यात वाईट काय आहे? आणि घरात त्याला ‘पुढचा हा’ आणि ‘पुढचा तो’ म्हणायचं नाही कुणी. पाहुण्यांसमोर तर नाहीच.

तो विचारेल, मामा तू का नाही गेलास इंडियाला. तेव्हा खरं सांग. गुडघा गेला, मग मी घाई केली, परत गेला. एवढंच. 11 वर्षांच्या पोराला एवढं कळतं.

तुझ्या स्वतःच्या कामाचं पत्रात तू विचारलं नाहीस पण मी सांगणारच. रेल्वेच्या स्पोर्ट्स कोट्याला 25 पर्यंतच वय चालतं, ती गाडी गेली. पण महाराष्ट्र सरकारच्या नोकऱ्यांत खेळाडूंना 5 टक्के आरक्षण आहे आणि वयात 5 वर्षांची सवलत पण मिळते. तुझी नॅशनलची सर्टिफिकेटं कुठल्या गटाच्या पदाला चालतात ते बघावं लागेल, आणि त्यासाठी आधी ती विभागीय उपसंचालकांकडनं पडताळून घ्यावी लागतात, आपल्याला पुणे विभाग. हे जाहिरात निघाल्यावर पळापळ करून होत नाही, आत्ताच कर. सर्टिफिकेटं कुठं ठेवलीयस? ट्रंकेत तळाला असतील तर काढ, झेरॉक्स मार, लॅमिनेशन करू नकोस. दुसरं, पतियाळाच्या एनआयएसचा, म्हणजे राष्ट्रीय क्रीडा संस्थेचा, सहा आठवड्यांचा कोचिंगचा सर्टिफिकेट कोर्स असतो, आणि अंपायरिंग आहेच. सेंटर हाफ खेळलेल्या माणसाला अख्खं मैदान दिसतं, अंपायरला तेच लागतं. हे तुला आता खेळता येत नाही म्हणून दिलेला खाऊ नाही. सोलापुरात मुरमावर खेळून नॅशनलला गेलेली आणि गुडघा कसा जातो हे स्वतःच्या अंगावर शिकलेली माणसं किती आहेत? पोरांना तूच पाहिजेस. तुला जो माणूस मिळाला नाही म्हणून मी मघाशी हळहळले, तो माणूस आता तू होऊ शकतोस, आणि कारखाना न सोडता होऊ शकतोस, सकाळी पाळी सुटली की तास दीड तास.

मी स्वतः कॉलेजात खेळायचे. 82 च्या एशियाडला आपल्या बायकांच्या टीमनं गोल्ड मारलं तेव्हा मी शेजाऱ्यांच्या घरी टीव्हीसमोर बसून रडले होते, आणि त्याच एशियाडला पुरुषांची टीम पाकिस्तानकडनं 7-1 हरली म्हणून सगळ्या गल्लीत सुतक, बायकांचं गोल्ड कुणाच्या लक्षातच नाही. माझी पण एक ट्रायल होती, घरच्यांनी पाठवलं नाही. मी किती वर्षं ती मनात धरून होते, वर्गातल्या पोरींवर विनाकारण ओरडायचे. सुटलं कसं म्हणशील तर एक दिवस शाळेत स्टिका कमी पडल्या म्हणून माझी घरची नेऊन दिली एका पोरीला, आणि तिनं मारलेला पहिला हिट गोलपोस्टच्या लाकडावर असा काही वाजला, टक्क, की मला त्या आवाजानं बरं वाटलं. दुसरं काही कारण नाही.

रात्रीचे ते व्हिडिओ बंद कर असं मी म्हणत नाही, बंद होणार नाहीत तुझ्यानं लगेच. फक्त एखाद्याचा बघितलास की तो नंतर काय करतो तेवढं शोध. आणि रात्री तीनला डोकं फारच जड झालं, नको नको ते यायला लागलं, तर 14416 लाव, टेलिमानस म्हणून सरकारी हेल्पलाइन आहे, फुकट आहे, मराठीत बोलतात, कधीही लागतो. पाळीवर बरोबर कोण असतं तुझ्या? त्याच्याशी पण बोल की.

चहाच्या गाड्यावर परत कुणी विचारलं तर सांग, गुडघा गेला, आता भाच्याला शिकवतोय. दोन वाक्यं. बघ, दुसऱ्या वाक्यावर सगळे तेच बोलायला लागतील, आपल्याकडं प्रत्येकाच्या घरात एक भाचा असतोच.

स्टिक विकू नकोस. जुन्या स्टिकला काय येणार, दोनशे-चारशे? पण ती भाच्याला पण देऊ नकोस लगेच. तुझी साडेछत्तीस-सदतीस इंची असेल, 11 वर्षांच्या पोराला ती जड पडते, वाकायच्या ऐवजी तो ताठ उभा राहून खेळायला शिकेल आणि ती सवय पुढं जाता जात नाही. त्याला त्याच्या मापाची घे, जमिनीवर उभी केली की वरचं टोक कंबरेच्या हाडाशी आलं पाहिजे. तुझ्या स्टिकची ग्रिप आठ वर्षांत कडक होऊन तडकली असेल, ती सोलून काढ, नवीन गुंडाळ, मधे सुरकुती पडू देऊ नकोस. हे करताना भाच्याला शेजारी बसव. रविवारी सकाळी त्याला घेऊन मैदानावर जा, गुडघ्याला कॅप घालून, पळायचं नाही, नुसता उभ्या उभ्या त्याला पुश दे आणि तो थांबवतो का बघ. मान खाली घालून थांबवत असेल तर पहिल्याच दिवशी सांग, वर बघ म्हणून.

आणि तो कुठल्या जागेवर उभा राहिला ते मला कळव.